चौघांच्या डावातली दुरी

मी किलवरची दुरी बोलतेय. दुरी म्हणजे दोन ठिपक्यांचं पान, बावन्न पत्त्यांतलं सगळ्यात हलकं. एक्का, राजा, राणी यांना मान असतो. मला हातात घेऊन कुणाचा चेहरा कधी उजळला नाही.

एका कारखान्यात मोठ्या कागदावर आम्ही बावन्न पानं एकदम छापली गेलो. मग कापणी झाली, कोपरे गोल झाले आणि डबीत बसलो. स्टेशनरीच्या दुकानातून आम्हाला घरी आणलं ते थोरल्या मुलीनं. तिच्या धाकट्या बहिणीला कांजिण्या आल्या होत्या. हात पत्त्यांत गुंतले की पोर खाजवणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

घरात चौघं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत उसवलेल्या चादरी आणि गाऊन शिवायची. थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची, धाकटी शाळेत होती.

चौघं म्हटल्यावर मेंढीकोट ठरलेलाच. ओट्याजवळच्या टेबलाशी बाबांच्या समोर त्यांची भिडू थोरली, आईच्या समोर धाकटी. दहाची पानं म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या पकडल्या, तिचा डाव. प्रत्येकाला तेरा पानं मिळायची, त्यामुळे माझ्यासारखीलाही कुणाच्या तरी हातात जागा असायचीच. कांजिण्या गेल्या, पण रविवारचा डाव राहिला. धाकटी कॉलेजात गेली तरी राहिला.

थोरली खेळायची मात्र अगदी वाईट. बाबांच्या एक्क्यानं हात जिंकलेलाच असायचा आणि ही त्याच्यावर हुकूम मारून मोकळी व्हायची. आपल्याच माणसाचा हात कशाला मारलास म्हणून बाबा ओरडायचे.

"दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, बाबा," ती म्हणायची. "रविवारी तरी मला चुकू द्या."

मग तिला रक्ताचा आजार झाला. आई जिथे कामाला होती त्याच इस्पितळात तिला ठेवलं. तिच्या अंगावरच्या गाऊनची बाही आईनंच शिवलेली होती. आईनं टाका ओळखला.

आम्हीही तिथे गेलो. जेवणाचं सरकतं टेबल पलंगावर ओढून दुपारी डाव मांडायचे. काही आठवड्यांनी तिला तेरा पानं पंख्यासारखी धरवेनात. एका दुपारी ती उशीला टेकून बसली आणि तिनं पत्ते निवडायला घेतले. दुरीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं आणि वर दोन सत्त्या, अशी बावीस पानं तिनं बाजूला काढली. त्यांत मी होते.

उरलेल्या तीस पानांचा खेळ पाच-तीन-दोन, असं तिनं सांगितलं. तिघांचा डाव, दहा-दहा पानं. एकानं पाच हात करायचे, एकानं तीन, एकानं दोन. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती तो शिकली होती. तुम्ही तिघं खेळा, मी बघते, म्हणाली.

"आपल्याला चौघांचाच येतो," बाबा म्हणाले.

"म्हणून तर शिकवतेय."

कुणी पानांना हात लावला नाही. जरा वेळानं आईनं बावीस आणि तीस पानं एकत्र केली आणि डबीत घातली. पुढच्या गुरुवारी थोरली गेली.

पाच महिने आम्ही डबीतच होतो. बाबा कामावरून यायचे आणि बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचे. एका रविवारी धाकटीनं डबी उघडली. ताईनं सांगितलेला डाव खेळू, म्हणाली. बाबांनी मेंढीकोटच खेळायचं म्हटलं.

"चौथं कोण?" धाकटीनं विचारलं.

बाबांनी चार वाटण्या केल्या, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढची पानंही स्वतःच उचलली.

असे सहा रविवार गेले. दोन्ही हात बाबाच खेळायचे, त्यामुळे तेच जिंकायचे. मायलेकी मुकाट हरायच्या. सातव्या रविवारी मी थोरलीच्या पानांत आले. हुकूम इस्पिक होता. बाबांनी बदामचा एक्का टाकला. थोरलीच्या पानांत बदाम नव्हतं. त्यांनी तिच्या पानांतून मला काढून एक्क्यावर ठेवलं. खेळ अगदी बरोबर होता.

आईनं आपली पानं खाली ठेवली.

"तिनं दुरी टाकली नसती. हुकूम मारला असता."

बाबांनी मला उचलून घेतलं. थोरलीच्या पानांतली इस्पिकची अठ्ठी काढली आणि एक्क्यावर धरली. ती काही त्यांना खाली ठेवता येईना. हात तसाच हवेत राहिला.

"आणि मी ओरडायचो तिच्यावर," ते म्हणाले. मग रडले. इस्पितळातही न रडलेला तो माणूस मी पहिल्यांदाच रडताना पाहिला.

डोळे पुसून त्यांनी स्वतःच बावीस पानं निवडून काढली. कुठली ते कुणाला विचारावं लागलं नाही. इस्पितळातल्या त्या दुपारी तिनं सांगितलेलं सगळं त्यांच्यापर्यंत नीट पोचलं होतं. छापखान्यातून थोरलीच्या वस्तू आल्या होत्या, त्यातल्या एका लिफाफ्यात त्यांनी आम्हाला भरलं. मग धाकटीला म्हणाले, "सांग, पाच हात कुणाचे?"

तेव्हापासून मी या लिफाफ्यात आहे, टेबलाच्या खणात. वर तिघं खेळतात ते ऐकू येतं. परवा धाकटीनं दोनच्या जागी चार हात केले आणि बाबांचे पाच हुकले. बाबा खळखळून हसले आणि मधेच थांबले. आई म्हणाली, "हसा हो."

मला बाहेर काढा असं मी म्हणणार नाही. मी बाहेर आले की चौथा माणूस लागेल, तो कुठून आणायचा? पण तुमच्या घरात अजून चौघं असतील, तर आज मेंढीकोट मांडा. आणि तुमच्या भिडूनं तुमच्याच एक्क्यावर हुकूम मारला, तर गप्प बसा. हात गोळा करा आणि पुढचं पान टाका.