जिथे गाडी बंद पडायची

बंडूजी कासारांची मोटारसायकल कुठेही बंद पडत नसे. ती एकाच ठिकाणी बंद पडे. हिंगणीतून निघाली की धरणापर्यंत शहाण्यासारखी चालायची. पुढे जंगलातली चढण लागली की तिची कुरकुर सुरू व्हायची आणि चढण संपता संपता, जिथे डाव्या हाताला मोहाचं झाड आणि त्याखाली एक पांढरा दगड होता, नेमकी तिथे येऊन ती जीव सोडायची. मागे बांगड्यांची पेटी, हँडलला बांगड्यांच्या माळा आणि मधे पाय टेकवून उभे बंडूजी. गाडी आडवी करून हलवावी तर माल काचेचा. म्हणून टाकीचं झाकण उघडून आत फुंकायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. थोडा वेळ गेला की काही झालंच नाही अशा थाटात गाडी एका किकमध्ये सुरू व्हायची.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. धरणापलीकडच्या गावांत दर मंगळवारी बांगड्या भरायला जायचा बंडूजींचा रिवाज जुना होता, पण गाडीचं हे खूळ नवीन. तिसऱ्या मंगळवारी त्यांची खात्री पटली की दोष गाडीत नाही, जागेत आहे; पांढरा दगड म्हणजे देवीचं ठाणं असणार. कासाराच्या जातीला देवीला काय द्यावं हे सांगावं लागत नाही. त्यांनी पांढऱ्या दगडाला कुंकू लावलं आणि हिरव्या बांगड्यांचा जोड समोर ठेवला. पुढच्या मंगळवारी गाडी पुन्हा तिथेच थांबली. देवीच्या हाताला माप लहान पडलं असेल, असा विचार करून त्यांनी मोठ्या मापाचा जोड ठेवला. तरी गाडी थांबायची ती थांबलीच.

शेवटी ते गावातल्या योगेंद्र मिस्त्रीकडे गेले. योगेंद्रनं टाकी रिकामी केली, खालचा पेट्रोलचा कॉक खोलला आणि त्याच्या टोकावरची बोटाएवढी जाळी बाहेर काढली. ती तांबूस चिखलानं माखली होती. या भागात ‘गंज’ म्हणजे पुष्कळ. तेव्हा टाकीत गंज गंज होता, असं म्हणायला हरकत नव्हती.

“जागेचं काई नाई, बंडूजी,” योगेंद्र म्हणाला. “चहाची गाळणी पत्तीनं भरली की कसा थेंब थेंब पडते, तसं हाय हे. सपाटीवर तेवढं पुरते. चढावर गाडी जास्त पेते, जाळीतून तेवढं येत नाई. खालची कार्बोरेटरची वाटी सुकली की गाडी बंद. तुमी थांबले की वाटी भरते.”

“पण तिथंच काऊन?”

“चढ तिथं संपते ना. गाडी तेच, रस्ता तोच, तुमी बी तेच.” त्यानं जाळी पेट्रोलमध्ये खळबळून धुतली आणि उजेडात धरली. “एका बाजूनं फाटली हाय. नवीन टाकू, तवा टाकी बी आतून घासू. वर्ध्याहून आणतो, तवरिक हेच लावतो.”

बंडूजींना हायसं वाटलं आणि जरा लाजही वाटली. मोठ्या मापाच्या बांगड्यांचं त्यांनी योगेंद्रला काही सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी धुतलेली जाळी पुन्हा भरली आणि गाडी मोहाखाली थांबली. सकाळची वेळ होती. पळसाला नुकती फुलं येत होती. इंजिनाचा आवाज गेला आणि त्याच्या जागी जी शांतता आली ती बंडूजींनी कधी ऐकली नव्हती. एरवी निदान होले, रानातली ती कबुतरं, तरी घुमतात. त्या दिवशी तेही गप्प होते. वर कुठेतरी एक वानर खाकरलं. फुंकायला म्हणून बंडूजींनी झाकणाला हात घातला आणि समोर पाहिलं.

वळणावर, ऐन रस्त्याच्या मधे, वाघीण उभी होती.

ती झाडीतून कधी आली, कशी आली, एक पानसुद्धा वाजलं नव्हतं. तिनं रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं आणि घरची बाई दुपारी उंबऱ्यात टेकते तशी निवांत खाली बसली. मागून एक पिल्लू आलं, मग दुसरं. पहिलं आईच्या शेपटीवर तुटून पडलं. शेपूट उचलली जायची, पिल्लाचा नेम चुकायचा, ते धुळीत आपटायचं आणि पुन्हा उठायचं.

बंडूजींचा झाकणावरचा हात आपोआप हँडलवर गेला. हँडलला बांगड्या होत्या. किण, असा बारीक आवाज झाला.

वाघिणीचा एक कान वळला. मग तिनं तोंड वळवलं आणि बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींनी जन्मभर बायकांच्या हातात बांगड्या चढवल्या होत्या, कुठली काच कधी वाजेल हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. ते हळूच पुढे वाकले, दोन्ही हातांनी सगळ्या माळा कवेत घेतल्या आणि तान्ह्या लेकराला धरावं तशा छातीशी धरून ठेवल्या. काच गप्प झाली. त्यांना वाघिणीच्या खांद्यांखाली हलणारा श्वास दिसत होता. उन्हात तिचा रंग असा पेटला होता, की इतकी वर्षं आपण पिवळा आणि काळा म्हणून जे विकत आलो ते काय होतं, असं त्यांना वाटलं. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या वर काहीतरी होतं आणि ते फार मोठं होतं. आपण हे पाहायला लायक नाही आणि तरी आपल्याला दाखवलं जात आहे, असं वाटून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

ती उठली. पिल्लांकडे न पाहताच चालू लागली आणि पिल्लं मागोमाग गेली. झाडीनं तिघांना घेतलं आणि रस्ता पुन्हा नुसता रस्ता झाला.

गाडी एका किकमध्ये सुरू झाली. त्या दिवशी बंडूजींच्या हातून इतक्या बांगड्या फुटल्या की बायका म्हणाल्या, बंडूजी, आता चष्मा घ्या.

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. योगेंद्रनं वर्ध्याहून नवी जाळी आणली. “टाकू?” असं तो विचारायचा आणि बंडूजी म्हणायचे, पुढच्या मंगळवारी पाहू. त्यांचं गणित सरळ होतं. गाडी थांबली नसती तर ते त्या वळणावर वाघिणीच्या अंगावरच गेले असते. फाटक्या जाळीनं जीव वाचवला होता, आणि वर ते दर्शन घडवलं होतं. असली जाळी काढून फेकायची म्हणजे कृतघ्नपणा झाला. शिवाय नवी टाकली की गाडी थांबणार नाही, आणि गाडी थांबली नाही की ते पुन्हा कधी दिसणार नाही. दर मंगळवारी ते मोहाखाली उभे राहत. दिसायचं काही नाही. पण कान जागे व्हायचे.

बिंग फोडलं ते जंगलूनं. जंगलू जंगलखात्याच्या कामावर होता. बायको पंचफुलेसाठी बांगड्या घ्यायला तो बंडूजींच्या दुकानात आला, तेव्हा गल्ल्याशी त्यांच्या कारभारीण देवकाबाई बसल्या होत्या.

“बंडूजी,” जंगलू म्हणाला, “मोहाखालच्या गोट्याले कुंकू तुमी लावलं काय? तो आमच्या खात्याचा हद्दीचा गोटा हाय. मीच त्याले चुना मारतो. साहेबानं इचारलं, ह्या बांगड्या कोणाच्या? मी म्हटलं, वाघिणीच्या असन. पिलं घेऊन ते तिथूनच येजा करते.”

बंडूजींनी मापाची बांगडी खाली ठेवली. जंगलूनं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. “तुमाले दिसली. पिलायसंग?”

बंडूजींनी मान हलवली.

“माहा जलम गेला जंगलात,” जंगलू म्हणाला, “मले आजून पिलं नाई दिसले.” त्यानं बांगड्या उचलल्या आणि बंडूजींना नमस्कार करून गेला.

देवकाबाईंनी दुकानाची फळी लावून घेतली. “त्या योगेंद्राची जाळी महिन्यापासून पडून हाय. मले वाटे चिक्कूपणा करून राह्यले. वाघिणीसाठी करून राह्यले काय?”

“गाडी बंद पडली म्हणून मी वाचलो, देवका.”

“उद्या तिच्या पुढ्यात बंद पडली त? मंग बी जाळीनंच वाचवलं म्हणसान?”

देवकाबाईंनी हातातल्या बांगड्या मागेपुढे केल्या. मग त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, “कशी होती?”

बंडूजींनी सांगायला सुरुवात केली. आधी वानर खाकरलं ते, मग खांदे, कान, शेपटी, धुळीत आपटणारं पिल्लू. रंगापाशी येऊन ते अडले. “दुकानातला एकबी रंग तसा नाई,” एवढंच त्यांना म्हणता आलं.

“माहं माहेर रोहण्याचं. लग्न होऊन अथी आली तवापासून ऐकून राह्यली, जंगलात वाघ हाय, जंगलात वाघ हाय. दर मंगळवारी तुमी एकलेच जाता,” देवकाबाई म्हणाल्या. “मले बी न्या एकडाव.”

रात्रभर बंडूजींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. मोहाखाली बंद पडलेली गाडी, मागे देवका, वळणावर वाघीण, आणि ते किक मारत आहेत, मारत आहेत, मारत आहेत. स्वतःचा जीव त्यांनी खुशाल त्या फाटक्या जाळीच्या भरवशावर टाकला होता. देवकाचा टाकायची कल्पनाही त्यांना सोसवेना. सकाळी योगेंद्रनं दुकान उघडायच्या आधी ते तिथे हजर होते.

“टाक,” ते म्हणाले.

मंगळवारी पेटी घरी ठेवून त्यांनी देवकाबाईंना मागे बसवलं. नव्या जाळीची गाडी चढण सरळ चढून गेली. कुरकुर नाही, धक्का नाही. मोहाचं झाड आलं, कुंकू लावलेला दगड आला. आता हे सगळं मागे जाणार होतं. खांद्यावर हात पडला.

“थांबवा ना,” देवकाबाई म्हणाल्या.

बंडूजींनी चावी फिरवली. गाडी थांबली. चावी इतके दिवस त्यांच्या हाताशीच होती, आणि हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

इंजिन गेलं आणि ती शांतता आली. वळणावर कोणी नव्हतं. रस्ता, ऊन, गळालेली पळसाची फुलं. वाघीण दिसली नाही. दूर झाडीत एक वानर खाकरलं आणि दोघांचाही श्वास अडकला.

बंडूजींना पाठीमागे बारीक किणकिण ऐकू आली आणि लगेच थांबली. त्यांनी वळून पाहिलं. माळा कवेत घेतल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. देवकाबाई डोळे मोठे करून जंगलाकडे पाहत होत्या आणि एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून बसल्या होत्या.