खेकड्याचे पाय

मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या रुग्णाच्या गाठीचा पातळ काप कोमट पाण्यावर सोडला की आधी चुरगळलेला दिसतो, मग एकेक सुरकुती सोडत पसरतो. घाई केली तर फाटतो.

"आज काप कधी जाड, कधी पातळ येतायत, बाई," लॅबच्या डॉक्टर मॅडम मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणाल्या. "बरं नाही का?"

"काप काढायच्या यंत्राचं चाक जरा अडतंय," ती म्हणाली.

चाक अडत नव्हतं. तिचं लक्ष कालच्या बोलण्यात अडकलं होतं.

काल संध्याकाळी लेक कॉलेजातून आली ती एक चिठ्ठी नाचवतच. "आई, इंग्रजीच्या सरांनी शब्द वाटले. मला आला कॅन्सर! अर्थ, उगम आणि वाक्यात उपयोग."

सासूबाई आतून कडाडल्या, "दिवेलागणीला तो शब्द काढू नकोस गं! नाव घेतलं की दारात हजर होतं ते."

"आजी, तुझी रासच ती! कर्क राशीलाही इंग्रजीत कॅन्सरच म्हणतात, म्हणजे खेकडा."

"माझी रास राहू दे. तिरकं चालायचं वळण तुझं."

माहेरी तिची स्वतःची आई त्यानेच गेली, पण शेवटपर्यंत सगळे 'ते दुखणं' एवढंच म्हणत. शेंगा सोलता सोलता तिने लेकीला लॅबमध्ये मॅडमकडून ऐकलेलं शांतपणे सांगितलं, "जुन्या ग्रीक वैद्यांना गाठीभोवती फुगलेल्या शिरा दिसल्या. मध्ये पाठ, भोवती पाय. म्हणून खेकडा. लॅटिनमध्ये खेकड्याला कॅन्सर म्हणायचे, तोच शब्द इंग्रजीत आला."

"मायक्रोस्कोप होता त्यांच्याकडे?"

"छे. नुसते डोळे."

"म्हणजे पाय दिसेपर्यंत कळायचंच नाही? मग उशीरच झालेला असणार की!"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. उन्हाळ्यापासून अंघोळ करताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ बोटांना लागत होती. आणि रोज परक्यांच्या गाठी कापणारी ती आरशात बघून स्वतःची समजूत घालत होती, वरून तर काही दिसत नाही.

"आणि वाक्यात उपयोग?" लेकीने विचारलं.

"उद्या सांगते."

पाण्यावरचा काप आता पुरता पसरला होता. तिने तो काचपट्टीवर अलगद उचलून घेतला, बाजूला ठेवला, हात पुसले.

"मॅडम."

"हं?"

"चाक ठीक आहे. गाठ मला आहे, उन्हाळ्यापासून. आज सुई घालून पेशी काढून बघा. कॅन्सर आहे की नाही, मला कळायला हवं."