हिल्डाचं झाड

"झाडांची गाडी गेली?" आल्डनने विचारलं.

"मघाशीच. का रे?"

तो करवत खाली ठेवून एका ताज्या खुंटाकडे बघत उभा होता. खुंटाशेजारी बर्फातून लाल फितीचं टोक डोकावत होतं. ते बघून मी ओळखलं. हे हिल्डाचं झाड होतं.

माझा शेजारी आल्डन व्हायनॉट जन्मभर नाताळची झाडं पिकवत आला, पण त्याच्या स्वतःच्या घरात धड झाड कधी आलं नाही. चांगली झाडं बॉस्टनला जायची. घरी यायचं ते वाकडं, नाहीतर एका अंगाने टक्कल पडलेलं. ते टक्कल भिंतीकडे करून त्याची बायको हिल्डा झाड सजवायची. गेल्या नाताळात मात्र ती म्हणाली, "एकदा तरी चहूबाजूंनी बघावं असं आण की." तेव्हापासून झऱ्याकाठचं हे फरचं झाड आल्डनने राखलं होतं. खालच्या फांदीला फीत बांधली, उन्हाळ्यात आपल्या हाताने छाटलं, गावभर सांगत सुटला. आणि आज झाडांची रांग कापत येताना स्वतःच कापलं. फीत बर्फाने झाकली होती हे खरं. पण चांगलं झाड दिसलं की या माणसाचा हात थांबत नाही, हेही तितकंच खरं.

"गाडी गाठू या?" मी म्हणालो.

"जाळीत गुंडाळल्यावर सगळी सारखीच. कुठलं ओळखणार?" मग हळूच म्हणाला, "तू सांगतोस तिला?"

"माझी काय बिशाद! बायको तुझी."

तेवढ्यात हिल्डाच सूपचा डबा घेऊन आली. तिने खुंट बघितला, फीत बघितली, नवऱ्याचा चेहरा बघितला.

"हेच ना ते?"

आल्डनने मान खाली घातली. मला वाईट वाटलं, दोघांचंही.

"चांगलं काही दिसलं की याने बॉस्टनला पाठवलंच," ती मला म्हणाली. "बरं झालं बाई, मी दिसायला बेताची होते!"

मला हसू आवरेना. आल्डनही कसाबसा हसला.

मग ती खुंटाजवळ वाकली. आमच्याकडे झाड जमिनीलगत कापत नाहीत. तळाच्या फांद्या ठेवतात. त्यातली एखादी वर वळते आणि तिचंच नवं झाड होतं. चुकीचं झाड कापतानाही आल्डनने त्या बरोबर ठेवल्या होत्या.

"किती वर्षं लागतील रे?"

"आठ-नऊ." आल्डनची पंचाहत्तरी उलटली होती.

"लागू देत. मला कुठं जायचंय?"

तिने फीत झटकली आणि सगळ्यात जोमदार फांदीला बांधली. आल्डन दुखऱ्या गुडघ्यांनी बर्फात बसला आणि त्या फांदीवर सावली धरणारी झुडपं एकेक करून छाटू लागला. सूप निवत होतं. हिल्डाने त्याला घाई केली नाही.