आओरिता म्हणजे कधी

विल्किन पुन्हा केबलची टोकं काढून बसवू लागला, तसा ओरियानाचा जीव वरखाली व्हायला लागला. डॉमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीत, सांतो दोमिंगोमधल्या त्या नाक्यावरच्या किराणा दुकानात या दोघा वर्गमित्रांचं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचं सॉफ्टवेअर आज खऱ्या गिऱ्हाइकांवर चालायचं होतं. प्राध्यापक उबाल्दो बिअरच्या पालथ्या क्रेटवर बसून बघत होते. या विषयात ओरियाना एकदा नापास झालेली. पुन्हा झाली की संस्थेतून नाव कटणार, आणि त्याबरोबर विद्यार्थिनी म्हणून मिळालेला राहण्याचा परवानाही जाणार.

काम तसं साधं होतं. मालकीणबाई फ्रेडेसविंदा, ज्यांना सगळे मानानं 'दोन्या' म्हणत, फोनवरची ऑर्डर गल्ल्यावरच्या संगणकात टाकत, ती केबलमधून कोठीतल्या पडद्यावर उमटे, आणि चिचो मोटरसायकलवरून माल पोचवी. पण सकाळपासून चिचो माल घेऊन परतच येत होता.

"घराला कुलूप," त्यानं वितळता बर्फ गल्ल्यावर आपटला. "शेजारीण मलाच विचारते, एवढी कसली घाई रे तुम्हाला?"

"नेटवर्क असेल," ओरियाना घाईघाईनं म्हणाली. "ऑर्डर अडकून उशिरा पोचत असेल."

ती कोठीत धावली. एका यंत्रानं दुसऱ्याला हाक मारायची आणि ओ येते का बघायचं, एवढीच ती तपासणी. ओ लगेच आली, पुन्हा मारली, पुन्हा आली. दोन्ही यंत्रांचे नेटवर्कवरचे पत्तेही वेगवेगळे होते, म्हणजे तिथंही गोंधळ नव्हता. नेटवर्क बिचारं इमानेइतबारे राबत होतं, आणि तिला नेमका त्याचाच राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. "हो गं बाई, बर्फ आणि तांदूळ. आओरिता. बरं," असं म्हणत दोन्यांनी 'आओरिता' लिहिलेलं बटण दाबलं. कोठीत लाल अक्षरं उमटली: तातडीनं. चिचोनं कपाळावर हात मारून किल्ली उचलली.

"दोन्या," ओरियाना गल्ल्यापाशी आली, "आओरिता म्हणाल्या ना त्या?"

"म्हणाली की. आता तिची आंघोळ व्हायची, मालिका बघून व्हायची. मग संध्याकाळी कधीतरी."

ओरियाना व्हेनेझुएलाची, माराकाइबोची. तिच्या घरी आओरिता म्हणजे या घडीला. इथं आओरिता म्हणजे मग, सवडीनं. दोन्यांची गरज समजून घ्यायला ती पहिल्यांदा आली, तेव्हाच या शब्दापाशी तिचं मन अडखळलं होतं. पण विचारलं असतं तर परकेपण उघडं पडलं असतं. इथं आल्यापासून ती शब्दांची शेवटची अक्षरं, त्यांची शेपटं, गिळून इथल्यांसारखं बोलायला शिकली होती, ते काय असं वाया घालवायला? म्हणून तिनं मान डोलावली आणि आओरिताचं बटण तातडीचं म्हणून बनवलं. आता तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

विल्किन कानाशी आला. "केबल सैल होती म्हण. मी माझ्यावर घेतो. केबलपायी कोणी नापास करत नाही."

"चूक कुठल्या पायरीवर झाली?" प्राध्यापकांनी विचारलं.

ओरियाना विल्किनपासून बाजूला झाली. "पहिल्या, सर. विचारण्याच्या. ती चूक माझी. केबल ठीक आहे."

उबाल्दो मालकीणबाईंकडे वळले. "तुम्ही हे घेणार का, दोन्या?"

"हे? फुकट दिलंत तरी नको. माझी गिऱ्हाइकं पळतील." दोन्यांनी बर्फाचं पाणी पुसलं. "पण या पोरीला जरा फोनवर बसू द्या. हिनं माणसं ऐकलीच नाहीत अजून."

"दुकान बंद होईस्तोवर वेळ आहे," उबाल्दो म्हणाले. "तोवर दोन्या हो म्हणाल्या तर पास. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

फोन वाजला. कोणीच हललं नाही, तेव्हा ओरियानानं उचलला.

"केळी आणि साबण पाठव गं," पलीकडून एक म्हातारा आवाज आला. "आओरिता."

तिची मान सवयीनं हलली. मग तिनं ती थांबवली.

"आओरिता म्हणजे किती वाजता, आजी?"

"पोरी, तू इथली नाहीस वाटतं?"

"नाही," ओरियाना तिच्या माराकाइबोच्या बोलीत, शेपटांसकट म्हणाली. "म्हणून तर विचारतेय."