घरच्याने ओळखलं तर

शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमांची निर्मिती करण्यात बाईंची अठरा वर्षं गेली, पण पडद्यावर त्या एकदाही दिसल्या नव्हत्या. मिरवणारे वेगळे आणि राबणारे वेगळे, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. मात्र एका नियमाच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. साक्षीदाराचा चेहरा झाकून, आवाज बदलून झाला, की ते चित्रण त्याच्या घरच्या माणसाला दाखवायचं. घरच्याने ओळखलं, तर काम कच्चं.

या वेळची साक्षीदार औषध कारखान्यात तपासनीस होती. मुदत संपलेल्या गोळ्यांवर तिथे नवी तारीख छापत, आणि त्याचे कागद तिने आठ महिने जिवावर उदार होऊन बाहेर आणले होते. कार्यक्रम संध्याकाळी सातला लागणार होता. दुपारी तिने कारण न सांगता सासूबाईंना संकलनाच्या खोलीत पाठवलं. चार झाकलेले चेहरे दाखवून बाईंनी विचारलं, यात कुणी ओळखीचं वाटतं का?

तिसऱ्यालाच सासूबाई म्हणाल्या, "ही तर आमची सून. बोलताना अंगठ्याने बोटं मोजते."

चेहरा नाही तर निदान हात दिसू देत, नाहीतर चित्र मेल्यासारखं वाटतं, असं कॅमेरामनला बाईंनीच बजावलं होतं. चित्रणातून हात काढून पाहिले, तर सासूबाईंनी बोलण्याची ढबही ओळखली.

मुलाखत नाही तर कार्यक्रम नाही, नुसते कागद कोण बघतं, असं संपादकांचं म्हणणं पडलं. तशीच लावा, सासूइतकं बारीक कोण बघतंय, असंही ते म्हणाले. पण कारखान्यातला पर्यवेक्षक रोज आठ तास सुनेच्या समोर बसत होता.

"कार्यक्रम होणार," बाई म्हणाल्या. "कॅमेऱ्यासमोर मी बसते."

सातला त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. शब्द एका कामगाराचे आहेत, आवाज माझा आहे, असं सांगून त्यांनी तिची साक्ष वाचली आणि एकेक कागद दाखवला. गोळ्यांचा तो साठा दुसऱ्या सकाळी दुकानांतून परत मागवला गेला.

त्याच दुपारी सुनेचा फोन आला. फितूर शोधायला मालकाने तिघांची समिती नेमली होती, आणि जुनी, विश्वासू म्हणून तिलाच प्रमुख केलं होतं. बाईंना आधी हसू आवरेना, मग काळजीने घेरलं. पुरे झालं, निघून ये, दुसरी नोकरी बघू, असं त्यांनी परोपरीने सांगितलं.

"आत्ता कशी येऊ?" सून म्हणाली. "चौकशीसाठी सगळ्या कपाटांच्या किल्ल्या दिल्यात मला."