खाऱ्या विहिरीत विझणारा कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. माझ्या डोक्याला दोन पोचे आहेत, टाकीला डाग दिलेला आहे आणि ही माझी तिसरी काच. उजेडाच्या बाबतीत मी कधीच फार शहाणा नव्हतो, हे आधीच कबूल करतो. माझं नाव झालं ते वेगळ्याच गुणामुळे. मी विझतो, आणि नेमका वेळेवर विझतो.

अकोल्याच्या एका पत्रेवाल्याने मला घडवलं आणि आगरखेडच्या नत्थुजींनी मला भर बाजारातून निवडून घेतलं. आगरखेड हे पूर्णा नदीकाठच्या खारपाण पट्ट्यातलं गाव. समुद्र शेकडो मैल लांब, पण इथल्या जमिनीच्या पोटातलं पाणी खारट. जुन्या काळी माणसं खोल विहिरी खणून ते पाणी उपसत, वाफ्यांत उन्हाला पसरत आणि मीठ करत. इंग्रजांच्या राज्यात तो धंदा बसला. गाव कपाशीकडे वळलं आणि विहिरी तोंड उघडून तशाच पडून राहिल्या.

नत्थुजी आसपासच्या गावांत विहिरींचा गाळ काढायचे. जुन्या विहिरीत कधीकधी वाईट हवा साचते. ती दिसत नाही, तिला वासही नसतो. म्हणून त्यांचा एकच नियम होता, माणसाआधी कंदील. मला दोरीने खाली सोडायचं. मी जळत राहिलो तर उतरायचं, विझलो तर मुकाट्याने घरी जायचं. बाकीचे कंदील विझले की शिव्या खातात. मी विझलो की नत्थुजी माझ्या टाकीवर थोपटायचे. आता सांगा, मी फुशारून जाऊ नको तर काय करू?

पंचावन्न सालापासून आमच्या गावात शाळांच्या सहली येऊ लागल्या. मिठाचं जुनं गाव बघायला अकोल्याची, अमरावतीची मुलं बसमधून यायची. नत्थुजी त्यांना वाफे दाखवत, मिठाच्या कोठाराचा पडका ओटा दाखवत आणि शेवटी मोठ्या विहिरीपाशी आणत. तिथे माझी पाळी. विहिरींची खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी उंची. मी खाली जायचो, मुलं परस मोजायची आणि सहाव्याला मी विझलो की टाळ्या पिटायची. नत्थुजी गेल्यावर हे सगळं त्यांची सून सुभद्रा करू लागली. ती सासऱ्यांपेक्षा कमी बोलायची, पण माझी वात मात्र रोज कापायची.

त्रेसष्ट सालच्या डिसेंबरात अमरावतीच्या एका शाळेच्या अडतीस मुली आल्या. त्यांच्याबरोबर इतिहासाचे नवे शिक्षक होते, हेमचंद्र सर. माणूस मनाने चांगला, पण उत्साह उतू जाणारा. त्यांच्या हातात तीन सेलची नवी कोरी बॅटरी होती. त्यांनी ती विहिरीत मारली आणि थेट आटलेल्या तळापर्यंत लख्ख उजेड पडला. मुलींनी "अय्या" केलं. मी काठावरच्या खुंटीवर लटकलो होतो. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला वाईट वाटलं हे खोटं कशाला सांगू.

त्या उजेडात चौथ्या परसाजवळच्या दगडी टप्प्यावर एक लोखंडी कडं दिसलं. जुन्या मोटेचं असावं. शाळेच्या संग्रहालयात ते ठेवता आलं तर काय बहार येईल, असं सर म्हणाले. सुभद्राचा नवरा पंजाबराव शेतातून नुकताच आला होता. अंगाने दणकट आणि शहरातल्या माणसांपुढे मागे न हटणारा. त्याने धोतर खोचलं.

सुभद्रा पुढे झाली. "आधी कंदील सोडू द्या," ती म्हणाली, "मंग उतरा."

सरांनी हसून समजावलं की तळ दिसतोच आहे, तर कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडाचं काय काम? पंजाबरावला मुलींसमोर बायकोचा हा धाक लाजिरवाणा वाटला.

"थो सहा परसावर विझते," तो म्हणाला. "मी चारावरच थांबीन. काहून भेव दाखवून राहिली पोरीयले?"

हिशेब चुकीचा नव्हता. पण वाईट हवेला कोणी सहाव्या परसाला दाव्याने बांधून ठेवलेलं नव्हतं. सुभद्राने वाद घातला नाही. मोटेच्या जाड दोराचा नाडा तेवढा त्याच्या कमरेला बांधायला लावला आणि दुसरं टोक विहिरीवरच्या चाकावरून घेऊन खांबाला बांधलं. तो कुरकुरला, पण बांधला.

बॅटरी गळ्यात अडकवून पंजाबराव भिंतीतल्या खोबणींत पाय देत उतरू लागला. गंमत म्हणून तो प्रत्येक परसाला आकडा ओरडून सांगत होता. एक. दोन. तीन हा आकडा जरा जड जिभेने आला. चार आलाच नाही. मुलींनीच "चार" म्हटलं आणि हसल्या. बॅटरीचा उजेड समोरच्या भिंतीवर स्थिर पडला होता, म्हणून सर निश्चिंत होते. कडं मोकळं करत असतील, असं म्हणाले.

सुभद्राने हाक मारली. उत्तर नाही. तिने मला खुंटीवरून ओढलं. दोन काड्या तिच्या हातात मोडल्या, तिसरीने मी पेटलो. मला तिने नाड्याशेजारून खाली सोडलं. पहिल्या परसाला मी ठीक होतो. दुसऱ्याला माझी ज्योत खुजी झाली. तिसरा गाठायच्या आत मी विझलो.

तिने मला वर घेतलं. सर म्हणाले, "तेल संपलं असेल."

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात तो क्षण सगळ्यांत वाईट होता. मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती. सुभद्राने मला सरांच्या कानाशी नेऊन हलवलं. टाकीत तेल डुचमळलं.

"तेल भरेल आहे, सर," ती म्हणाली. "खाली हवा नाई."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मग जिने लग्नानंतर कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ती विहिरीत वाकून चारचौघांत "पंजाबराव, पंजाबराव" अशा हाका मारू लागली. खालून काही आलं नाही. फक्त नाडा ताणला गेला, कारण पंजाबराव टप्प्यावरून घसरून त्याला लोंबकळत होता.

सरांनी नाडा धरला. मागे सुभद्रा, तिच्यामागे अडतीस मुली. सगळ्यांनी मिळून ओढलं. नाडा करकरत चाकावरून येत होता. मध्येच पंजाबराव कशाला तरी अडकला आणि सगळी ओढ थांबली. सुभद्राने सैल सोडायला सांगितलं, मग पुन्हा खेच. गळ्यातली बॅटरी सुटून तळाशी पडली आणि तिथेही तशीच लखलखत राहिली. मुलींच्या तळव्यांची सालं निघाली, पण एकीनेही हात सोडला नाही.

तो वर आला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे होते. त्याला मोकळ्यावर निजवलं. सुभद्रा त्याची छाती चोळत राहिली. बऱ्याच वेळाने त्याने एक मोठा, घरघरता श्वास घेतला. मग ओकला. मग पाणी मागितलं. तेव्हा कुठे सर मटकन खाली बसले आणि मुलींसमोर रडले. चूक माझी, असं ते मोकळेपणाने म्हणाले.

महिन्याभराने ते पुन्हा आले. मला शाळेच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात मानाने ठेवायचं, खाली पाटी लावायची, असं त्यांच्या मनात होतं. खरं सांगतो, मला मोह झाला.

"तुमी त्याले कपाटात ठेवसान," सुभद्रा म्हणाली, "मंग विहिरीत कोन जाईन?"

सर चहा पिऊन परत गेले. पुढची सहल त्यांनीच आणली. त्या दिवशी पंजाबराव स्वतः विहिरीपाशी उभा राहिला. माझ्या दोरीला त्याने तीन परसांवर एक लाल चिंधी बांधली होती. ती विहिरीच्या काठाशी पोचली तेव्हा त्याने दोरी थांबवली.

"पोरींनो," तो म्हणाला, "कंदील आता जिथं आहे ना, तिथून मी तुमाले उत्तर देनं बंद केलं होतं."

त्या दिवसापासून माझ्या विझण्याला टाळ्या पडत नाहीत. सगळे चिडीचूप होतात.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझी काच पुसत जा, वात कापत जा, तेल घालत जा, एवढंच मागणं आहे. आणि मी विझलो तर माझ्यावर रागावत बसू नका. खाली कोणी आहे का, ते आधी बघा.