बाळंतिणीची खिडकी

दुष्काळ सरला आणि सोलापुरात पाऊस लागूनच राहिला. शकुंतला ज्या खोलीत बाळंत झाली, तिची भिंत बुरशीनं काळी पडली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून सासूनं, मथुराबाईनं, खिडकीला पोतं ठोकलं होतं. बाळाची छाती घरघरू लागली.

शकुंतला सासूला म्हणाली, “आत्या, हा बुरशीचा वास बाळाला बाधतोय. खिडकी उघडू या की.”

“आमी काय माळावर बाळंत झालो व्हय?” म्हणत मथुराबाईनं शेगडीत आणखी ओवा टाकला.

नागपंचमीला जरा उघाड पडली, तसं तिनं त्याच भिंतीलगतची आपली ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूवर हिरवे-काळे डाग पडले होते. मथुराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं स्वतःच्या हातानं पोतं ओरबाडून काढलं आणि शालू खिडकीत पसरला.

शालूच्या कडेनं आत आलेल्या बोटभर उन्हात शकुंतलेनं बाळाला धरलं.